अपेंडिक्सचे ऑपरेशन : भीती चाकूची धरावी की उशिराची?

कापसाची वेचणी आणि पोटदुखी यांचे आपल्या सोयगाव तालुक्यात जणू वेळापत्रकच ठरलेले आहे. पोटात दुखायला लागले की पहिल्या दिवशी ओवा आणि गरम पाणी. दुसऱ्या दिवशी गावातल्या दवाखान्यात एक इंजेक्शन. तिसऱ्या दिवशी, "एवढी वेचणी उरकू द्या, मग जाऊ जळगावला." बहुतेक पोटदुखीला हे वेळापत्रक चालून जाते, कारण बहुतेक पोटदुखी आपली आपणच थांबणारी असते. अपेंडिक्सच्या दुखण्याला मात्र ते चालत नाही. तिथे हिशेब तासांचा असतो, आणि तास मोजायची आपल्याला सवय नाही.

हा विषय कृषी विभागाचा नव्हे, असे कुणी म्हणेल. पण गावोगावच्या बैठकांत बियाणे-खतांचे बोलून झाले की मागे थांबलेला एखादा शेतकरी हळूच विचारतो, "साहेब, अपेंडिक्स काढलंय, पंप पाठीवर कधी घेऊ?" डॉक्टर डिस्चार्जच्या कागदावर 'जड काम टाळा' एवढे लिहून देतात. ऑफिसात बसणाऱ्याला त्यातून अर्थ कळतो. शेतकऱ्याचे मात्र सगळे कामच जड, मग टाळायचे काय आणि किती दिवस, हे त्या कागदात नसते. पुढे दिले आहे ते शल्यचिकित्सकांमध्ये सर्वमान्य असलेले. ज्याच्या त्याच्या बाबतीत शेवटचा शब्द त्याच्या डॉक्टरचा.

दुखणे चालते कसे

अपेंडिक्स प्रत्येकाच्या पोटात जन्मापासून असतेच. "मला अपेंडिक्स झालंय" असे आपण म्हणतो तेव्हा त्याला सूज आलेली असते. लहान आतडे मोठ्या आतड्याला मिळते तिथे, पोटाच्या उजव्या बाजूला खाली, करंगळीएवढी एक नळी लोंबत असते. तिचे एक टोक बंद. उघडे तोंड कडक मळाच्या खड्याने, सुजेने किंवा कधी जंतांनी बंद झाले की आतला स्राव अडकतो, जंतू वाढतात, नळी फुगते. फुगल्यावर तिचा रक्तपुरवठा तुटतो, ती सडायला लागते आणि शेवटी फुटते. ठिबकच्या नळीला एका टोकाला बूच मारून दुसरीकडून पाणी दाबत राहिलो तर काय होईल, ते ज्याने त्याने आठवावे.

दुखण्याची एक ओळखीची चाल असते. सुरुवातीला बेंबीच्या आसपास मोघम दुखते. जेवणावरची वासना जाते, मळमळ होते, एखाददुसरी उलटी होते. मग काही तासांत, साधारण अर्ध्या ते एका दिवसात, दुखणे उजवीकडे खाली सरकते आणि तिथेच ठाण मांडते. अंगात बारीक ताप येतो. खोकला आला, पाय आपटला, मोटारसायकल खड्ड्यातून गेली की कळ मारते. माणूस उजवा पाय पोटाशी घेऊन पडून राहतो. बेंबीपाशी सुरू होऊन उजवीकडे खाली उतरलेले दुखणे, त्यासोबत भूक मेलेली, एवढे दिसले तरी थांबू नये.

अर्थात सगळ्यांचे दुखणे असे पुस्तकी नसते. लहान मुलांना सांगता येत नाही. म्हाताऱ्या माणसांना ताप आणि दुखणे दोन्ही कमी असते, आणि त्यांचेच अपेंडिक्स न कळता फुटते. गरोदर बाईचे दुखणे नेहमीच्या जागेपेक्षा वर असू शकते. बायांच्या बाबतीत आणखी एक : पाळी चुकलेली असेल आणि खाली एका बाजूला जोराने दुखत असेल, तर गर्भ नळीत राहिलेला असू शकतो आणि तो अपेंडिक्सपेक्षाही घाईचा प्रकार आहे. पाळीची तारीख डॉक्टरला सांगायला लाजू नये. मुतखड्याची कळही उजव्या बाजूला येते, पण ती कमरेतून जांघेकडे उतरते आणि त्यात माणूस एका जागी पडून राहत नाही, तळमळतो.

कापूसवाल्यांसाठी एक गोष्ट मुद्दाम. फवारणीच्या दिवसांत पोटात मुरडा, उलट्या, घाम, तोंडाला लाळ, डोळ्यांपुढे अंधारी असे झाले तर ती विषबाधाही असू शकते. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक जण गेले, हे आपण विसरलेलो नाही. त्यामुळे दवाखान्यात गेल्यावर फवारणी केली होती का, कोणत्या औषधाची, कधी, हे विचारायच्या आधीच सांगावे. जमले तर डबा किंवा त्यावरचे लेबल सोबत न्यावे.

उशीर कुठे होतो

दुखायला लागल्यापासून पहिल्या २४ ते ३६ तासांत अपेंडिक्स फुटण्याचा धोका कमी असतो. पुढे तो चढत जातो. सगळी मेख इथे आहे. न फुटलेले अपेंडिक्स काढणे हे शल्यचिकित्सकाच्या रोजच्या कामातले ऑपरेशन आहे. फुटलेले अपेंडिक्स म्हणजे पोटभर पसरलेला पू. मग मोठा चिरा, पोटात नळी, आठवडाभर किंवा त्याहून जास्त मुक्काम, महागडी इंजेक्शने, आणि जिवाला धोका. आजार तोच आणि माणूसही तोच, पण दोन दिवसांनी बिल आणि धोका दोन्ही कितीतरी वाढलेले असतात.

आणि फुटण्याच्या क्षणी एक फसवणूक होते. आतला दाब एकदम सुटल्यामुळे दुखणे थोडा वेळ कमी होते. घरच्यांना वाटते उतार पडला. काही तासांत पोट फळीसारखे कडक होते, ताप चढतो, नाडी पळते. दोन दिवस जोरात दुखून अचानक बरे वाटले तर खूश होऊ नये. उलट तेव्हा तर गाडी काढावी.

घरगुती उपायांत तीन गोष्टी घातक आहेत. एक, एरंडेल किंवा जुलाबाची गोळी. पोट साफ झाले की दुखणे जाईल, हा समज आपल्याकडे फार घट्ट आहे. पण सुजलेल्या आतड्याला जुलाब दिला तर फुटण्याला मदतच होते. दुसरे, बेंबी सरकली म्हणून पोट चोळून घेणे. चोळणारी बाई चांगल्या मनानेच चोळते, पण आत फुगलेली नळी आहे हे तिला दिसत नाही. तिसरे, शेकणे. दुखण्याच्या इंजेक्शनाचे जरा वेगळे आहे. रुग्णालयात तपासणी चालू असताना डॉक्टर दुखणे कमी करण्याचे औषध देतात, त्यात वावगे नाही. गावात इंजेक्शन घेऊन, बरे वाटले म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा वेचणीला जाणे, यात वावगे आहे. इंजेक्शनाने कळ झाकली जाते, सूज तशीच वाढत राहते.

आता अंतराचे. जिल्ह्याच्या नकाशावर आपला तालुका अजिंठ्याच्या डोंगराखाली, खानदेशाच्या अंगाला पडलेला आहे. जिल्ह्याचे ठिकाण शंभर किलोमीटरच्या आसपास, तेही घाट चढून आणि सिल्लोड ओलांडून. त्या रस्त्याचे रुंदीकरण किती वर्षे रेंगाळले ते त्यावरून गेलेल्यांना सांगायला नको. त्यामुळे बनोटीकडची माणसे पाचोऱ्याला आणि फर्दापूर-सावळदबाऱ्याकडची जामनेर-जळगावला जातात. तेच शहाणपणाचे आहे. जळगावला २०१८ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. संभाजीनगरची घाटी तर १९५६ पासूनची. "आपला जिल्हा दुसरा, तिकडे घेतील का?" ही शंका मनातून काढावी. सरकारी रुग्णालय जिल्हा पाहून तातडीचा रुग्ण परत पाठवत नाही.

मग सोयगावचे ग्रामीण रुग्णालय कशाला, असा प्रश्न येतो. तपासणी, सलाईन, पहिले जंतुनाशक इंजेक्शन आणि पुढे पाठवण्याची चिठ्ठी यासाठी ते आहेच, आणि जवळ असेल तर आधी तिथे दाखवावे. पण पोटाचे ऑपरेशन करायला शल्यचिकित्सक आणि भूलतज्ज्ञ दोघे हजर लागतात. केंद्र सरकारच्या २०२१-२२ च्या ग्रामीण आरोग्य आकडेवारीनुसार, देशभरातल्या ग्रामीण भागातील सामुदायिक आरोग्य केंद्रांत शल्यचिकित्सकांची ८३ टक्के कमतरता होती. आपल्याकडचे ग्रामीण रुग्णालय हे त्याच दर्जाचे केंद्र. हे दुखणे एकट्या सोयगावचे नाही, पण आपल्याकडे घाट असल्यामुळे ते जास्त जाणवते. जिल्हा परिषद आणि पंचायत समितीच्या पुढाऱ्यांनी रस्ते-सभागृहांच्या मागण्यांसोबत भूलतज्ज्ञाची मागणीही लावून धरावी. एका भूलतज्ज्ञावर नुसते अपेंडिक्सच नव्हे, अडलेल्या बाळंतिणीही अवलंबून असतात.

तोवर हातात आहे ती वेळ. रात्री दुखायला लागले तर सकाळच्या एसटीची वाट बघू नये. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका २०१४ पासून राज्यभर आहे, पैसे लागत नाहीत. ती यायला उशीर लागेल असे कळले तर गावातली कोणतीही चारचाकी घ्यावी. मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून नेणे शक्यतो टाळावे. आणि निघाल्यापासून रुग्णाला खायला देऊ नये. "उपाशी कसा जाईल" म्हणून दूध-चहा पाजला, तर भूल द्यायला पुन्हा काही तास थांबावे लागते.

राजा थांबला, तुम्हीही थांबवा

काम आहे म्हणून दुखणे अंगावर काढणारे आपणच आहोत असे नाही. १९०२ साली इंग्लंडचा राजा सातवा एडवर्ड याचा राज्याभिषेक २६ जूनला ठरला होता. जगभरचे पाहुणे जमले होते. राजाच्या पोटात अपेंडिक्सचा गळू झाला. त्याची तयारी नव्हती, समारंभ पार पाडायचाच होता. शेवटी २४ जूनला, राज्याभिषेक दोन दिवसांवर असताना, राजवाड्यातच सर फ्रेडरिक ट्रेव्हज यांनी ऑपरेशन करून पू काढला. समारंभ पुढे गेला तो ९ ऑगस्टला झाला. राज्याभिषेक पुढे ढकलता येतो, तर दोन एकर वेचणीही ढकलता येते.

आपल्याजवळचे उदाहरण पुण्याचे. १९२४ च्या जानेवारीत महात्मा गांधी येरवड्याच्या तुरुंगात शिक्षा भोगत होते. वय ५४. अपेंडिक्सचे दुखणे उठले. १९०९ साली 'हिंद स्वराज्य'मध्ये डॉक्टर आणि रुग्णालये यांच्यावर सडकून टीका करणारा हा माणूस. शिवाय कैदी, आणि कापणारा डॉक्टर इंग्रज सरकारचा नोकर. अविश्वास दाखवायला यापेक्षा मोठे कारण कुणाकडे असणार? तरीही त्यांनी लेखी संमती दिली. १२ जानेवारीच्या रात्री ससून रुग्णालयात कर्नल मॅडॉक यांनी ऑपरेशन केले. मध्येच वीज गेली आणि कंदिलाच्या उजेडात ते पूर्ण करावे लागले. पेनिसिलिनचा शोध लागायला अजून चार वर्षे होती, म्हणजे जखम चिघळली तर द्यायला आजच्यासारखे औषध नव्हते. ५ फेब्रुवारीला सरकारने त्यांची सुटका केली आणि पुढे ते विश्रांतीसाठी मुंबईजवळ जुहूला जाऊन राहिले. देश चालवायचा होता तरी विश्रांती घेतली, हेही लक्षात ठेवण्यासारखे. शंभर वर्षांपूर्वी कंदिलात जे झाले ते आज दिव्यांखाली, भुलेच्या यंत्रांसह, जंतुनाशकांसह होते. ऑपरेशनचे भय तेवढ्याने तरी कमी व्हावे.

"उगाच कापतील" ही शंका

ही शंका मात्र हसण्यावारी नेण्यासारखी नाही. शेजारच्या बीड जिल्ह्यात ऊसतोड बायांच्या गर्भपिशव्या गरज नसताना काढल्याचा प्रकार २०१९ मध्ये गाजला. सरकारने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पाहणी झालेल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली, म्हणजे साधारण सहांत एक. असे आकडे वाचल्यावर खेड्यातल्या माणसाने डॉक्टरकडे संशयाने पाहिले तर त्याला दोष देता येत नाही.

पण दोन्हींत एक फरक आहे. गर्भपिशवीचे ऑपरेशन बहुधा सवडीने ठरते. चार ठिकाणी विचारायला, महिनाभर थांबायला वेळ असतो. अपेंडिक्समध्ये दुसरे मत घ्यायचे तर ते त्याच दिवशी. ते घेण्याचा हक्क तुम्हाला आहे, आणि त्यासाठी रक्त-लघवीचे अहवाल, सोनोग्राफीचा कागद मागून घेता येतो. डॉक्टरला तीन प्रश्न सरळ विचारावेत : सोनोग्राफीत किंवा सीटी स्कॅनमध्ये सूज दिसली का, फुटल्याची लक्षणे आहेत का, आणि थांबलो तर काय होईल. सोनोग्राफीत अपेंडिक्स दिसले नाही म्हणजे ते नक्की चांगलेच आहे असेही नसते. तेव्हा डॉक्टर काही तास दाखल ठेवून पुन्हापुन्हा पोट तपासतात. त्याला टाळाटाळ समजू नये. उलट घाई न करणाराच तो डॉक्टर.

काढलेले अपेंडिक्स तपासणीसाठी प्रयोगशाळेत पाठवतात. तो अहवाल आठ-दहा दिवसांनी येतो. आपल्याकडे तो आणायला कुणी जात नाही. जावे. क्वचित त्यात वेगळाच आजार निघतो, आणि सूज खरोखर होती का याचाही तोच पुरावा.

"औषधावर बरे होते म्हणतात" असेही अलीकडे ऐकू येते. खरे आहे, पण अर्धे. फिनलंडमधल्या डॉक्टरांनी न फुटलेल्या अपेंडिक्सच्या काही रुग्णांना ऑपरेशनऐवजी फक्त जंतुनाशके देऊन पाच वर्षे पाहिले. त्यांतल्या शंभरातल्या ३९ जणांचे दुखणे पुन्हा उलटले; म्हणजे साठेक जणांचे ऑपरेशन टळले. अमेरिकेत १,५५२ रुग्णांवरचा असाच अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. तिथे औषधांवर ठेवलेल्यांपैकी दहांतल्या तिघांना ९० दिवसांच्या आत ऑपरेशन करावेच लागले, आणि नळीत खडा असलेल्यांत हे प्रमाण आणखी जास्त होते. पण तिथले रुग्ण तपासणी करून निवडलेले होते, डॉक्टरांच्या नजरेखाली होते, आणि बिघडले तर लगेच ऑपरेशनची सोय होती. गावात तीन दिवस गोळ्या खाणे म्हणजे तो उपचार नव्हे. घाटाखाली राहणाऱ्याने, रात्री पुन्हा दुखले तर काय, याचा विचार करूनच डॉक्टरशी हा पर्याय बोलावा.

ऑपरेशनच्या दिवशी

रक्त-लघवी, सोनोग्राफी, सलाईन, जंतुनाशक इंजेक्शन, संमतीपत्रावर सही. मधुमेह, रक्तदाब, दमा, पूर्वी झालेली ऑपरेशने, एखाद्या औषधाची ॲलर्जी, आणि हो, दारू-तंबाखू, हे भूलतज्ज्ञाला खरे सांगावे. बायकोसमोर सांगायची लाज वाटत असेल तर तिला बाहेर पाठवून सांगावे.

चिरा देऊन करायचे असेल तर बहुधा पाठीच्या मणक्यात इंजेक्शन देऊन कमरेखालचा भाग बधिर करतात. रुग्ण जागा असतो. त्या इंजेक्शनाने जन्मभर कंबर दुखते ही समजूत निराधार आहे. दुर्बिणीने करायचे असेल तर पूर्ण भूल. चिऱ्याच्या ऑपरेशनात उजवीकडे खाली दोन-तीन इंचांचा छेद असतो. दुर्बिणीत तीन छोटी छिद्रे. पोट फुगवायला आत वायू भरतात, म्हणून एक-दोन दिवस खांदा दुखू शकतो. पोटाच्या ऑपरेशनात खांदा का दुखतो म्हणून घाबरू नये. दोन्ही पद्धती चांगल्या आहेत. दुर्बिणीत लवकर कामाला लागता येते, पण ती सोय सगळीकडे नसते, आणि तिच्यासाठी उशीर करण्यात शहाणपण नाही. साधे ऑपरेशन अर्ध्या तासापासून तासाभरात आटोपते.

त्याच दिवशी संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी उठवून चालवतात. नातेवाइकांना ते निर्दयपणाचे वाटते, पण चालल्याने आतडी लवकर सुरू होतात आणि पायात रक्त गोठत नाही. आधी पाणी, मग पातळ, मग भात-वरण, हा क्रम डॉक्टर सांगतील तसा. दुर्बिणीचा रुग्ण एक-दोन दिवसांत, चिऱ्याचा दोन ते चार दिवसांत घरी येतो. टाके सात ते दहा दिवसांनी काढतात.

घरी आल्यावर जखम लाल होऊन पाणी-पू येणे, ताप, पोट फुगणे, सारख्या उलट्या, वायू न सरणे, यांपैकी काही झाले तर त्याच दिवशी परत जावे. जखमेवर हळद, राख, शेण काहीही लावू नये. अपेंडिक्स नसल्याने पुढे शरीराला काही कमी पडत नाही. लग्न, मुले, मेहनत, सगळे होते.

पंप कधी उचलायचा

आता शेतकऱ्याचा प्रश्न. वरची कातडी आठवड्यात सांधते, पण आतला स्नायूंचा थर घट्ट व्हायला कित्येक आठवडे लागतात. तो सांधण्याआधी जोर पडला तर त्या जागी हर्निया होतो, म्हणजे आतडे बाहेर ढकलले जाते आणि दुसरे ऑपरेशन करावे लागते. साधे दुर्बिणीचे ऑपरेशन असेल तर जड कामाला दोन ते तीन आठवडे, चिऱ्याचे असेल तर चार ते सहा आठवडे, आणि फुटलेले असेल तर डॉक्टर सांगतील तेवढे, असा सर्वसाधारण हिशेब आहे.

जड म्हणजे किती? १६ लिटरचा पाठीवरचा पंप भरला की २० किलोच्या आसपास जातो, आणि हाताने दांडा मारायचा असेल तर प्रत्येक झटक्याला पोटाचा स्नायू ताणतो. युरियाची गोणी ४५ किलो, डीएपीची ५०. पाण्याने भरलेला मोठा हंडा १५ किलोच्या घरात. चाऱ्याच्या भाऱ्याला तर मापच नाही. हे सगळे त्या मुदतीत बंद. विहिरीवरचा दोर ओढणे, बैल आवरणे, नांगर, वखर बंद. ट्रॅक्टर चालवताना क्लच-ब्रेक जोरात दाबावे लागतात आणि शेतातले हादरे वेगळे. म्हणून तोही त्या यादीत. रात्रपाळीच्या विजेवर दारे धरायला जाणे हे हलके काम वाटते, पण अंधारात, चिखलात पाय घसरला तर टाक्यांवर येते. टाके निघेपर्यंत तरी नको.

चालणे, बसून निवडणे-टिपणे, मजुरांवर देखरेख, मोटार चालू-बंद करणे हे आठवडाभरात सुरू करायला हरकत नसते. उभ्याने वेचणी दोन-तीन आठवड्यांनी जमते, पण कमरेला बांधलेली ओटी भरू द्यायची नाही, आणि गाठोडे दुसऱ्याने उचलायचे.

बायांचे वेगळे लिहावे लागते, कारण पुरुषाला घरी आल्यावर खाट मिळते आणि बाईला चूल. तिसऱ्या दिवशी ती हंडा उचलते, कळशी कमरेवर घेते आणि "मला काय झालंय" म्हणते. स्नायू पुरुषाचा असो की बाईचा, सांधायला तेवढाच वेळ लागतो. घरातल्या कर्त्या पुरुषांनी महिनाभर पाणी भरले तर बिघडणार नाही.

पैसा आणि कागद

पैशाच्या धास्तीने होणारा उशीर आता तरी टाळता येण्यासारखा आहे. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण, उपजिल्हा आणि जिल्हा रुग्णालयांत, १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत करण्यात आले. वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये वेगळ्या विभागाची. तिथे थोडे शुल्क असते आणि आरोग्य योजना लागू असते.

ती योजना म्हणजे महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना. २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी नावाने आठ जिल्ह्यांत सुरू झाली, २०१३ मध्ये राज्यभर गेली, २०१७ मध्ये नाव बदलले. आपल्यासारख्या १४ शेतकरी-आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांत पांढऱ्या कार्डाच्या शेतकऱ्यालाही सातबाऱ्यावर ती मिळत होती. गंमत अशी की आपल्या बांधाला बांध लागून असलेल्या जळगाव जिल्ह्यातल्या पांढऱ्या कार्डवाल्याला मात्र मिळत नव्हती. १ जुलै २०२४ पासून हा भेद गेला. योजना राज्यातल्या सगळ्या कुटुंबांना लागू झाली आणि मर्यादा दीड लाखावरून वर्षाला ५ लाखांवर गेली. गावात अजून कित्येकांना वाटते की आपले कार्ड पांढरे, आपल्याला काही नाही. ग्रामसेवक आणि तलाठ्यांनी एवढा एक गैरसमज दूर केला तरी काम होईल.

योजना फक्त तिच्याशी जोडलेल्या रुग्णालयांत चालते, कोणत्याही जिल्ह्यातल्या. तिथे आरोग्यमित्र बसलेला असतो. यादीतले काही उपचार सरकारी रुग्णालयांसाठी राखून ठेवलेले असतात आणि याद्या बदलत असतात, म्हणून खासगी ठिकाणी दाखल होतानाच त्याला विचारावे, "अपेंडिक्सचं ऑपरेशन इथं योजनेत बसतं का?" बसत असेल तर पैसे भरू नयेत, आणि मागितले तर १५५३८८ या क्रमांकावर तक्रार करावी. रेशनकार्ड आणि आधारकार्ड सोबत लागते. बसत नसेल तर दरपत्रक पाहावे. ते दर्शनी भागात लावणे खासगी रुग्णालयांवर बंधनकारक आहे. आधी ऑपरेशन खासगीत करून नंतर कागद घेऊन योजनेचे पैसे मागायला गेले तर ते मिळत नाहीत.

राहिला प्रश्न वेचणीचा, कारण खरी अडचण तीच असते. फुटलेला कापूस कोरड्या हवेत आठ-दहा दिवस झाडावर राहिला तर धूळ-पालापाचोळा लागून प्रत थोडी उतरते, वजनात थोडे जाते. नुकसान होते, पण पीक जात नाही. पाऊस किंवा ढगाळ हवेचा अंदाज असेल तर मात्र ओला कापूस पिवळा पडतो, सरकीला कोंब येतो. त्या वेळी शेजाऱ्यापाजाऱ्यांनी सावडीने वेचून द्यावा. सकाळी दव उतरल्यावर, तळाच्या बोंडांपासून सुरुवात करून. ओला असेल तर वेगळा वाळवावा, कोरड्यात मिसळू नये. ज्याच्या घरी रुग्ण आहे त्याने परतफेड पुढच्या हंगामात करायची, अशी सावड गावात पूर्वी होती, आणि काही ठिकाणी अजून आहे.